वीणा कोणाच्या हाती, आणि पुस्तक कोणाच्या?

सप्रेम नमस्कार.

नाव आणि गाव न छापण्याच्या विनंतीसह तुमचे पत्र मिळाले, सोबतची चार प्रकरणेही मिळाली. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून पत्राचा आशय आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही सातारा जिल्ह्यातील एका गावच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झालात आणि गाव तुम्हाला आजही ‘बाई’ म्हणूनच ओळखते. वडील गावच्या दिंडीचे विणेकरी, म्हणजे भजनात वीणा धरणारे, होते. तुमची पहिली कादंबरी अशाच एका दिंडीची आहे: जुना विणेकरी जातो, त्याच्या सुनेला सगळे अभंग चालीसकट पाठ असतात, ती वीणा मागते, आणि पुढच्या आषाढीला एकाच गावाच्या दोन दिंड्या एकाच मुक्कामावर दोन चुली मांडतात. दोन प्रकाशकांनी हस्तलिखिताला उत्तर दिले नाही, तिसऱ्याने ५०० प्रतींसाठी ८५,००० रुपये मागितले. चुलतभाऊ म्हणतो की मुखपृष्ठावर विठ्ठल छापा आणि वारीत विका. तुम्हाला भीती अशी की गावातील दोन्ही गट पुस्तकात स्वतःला ओळखतील. पैसे भरावेत की स्वतः छापावे, गावाला कसे सामोरे जावे आणि ‘जाहिरात करण्याचा स्वभाव नसताना’ पुस्तक लोकांपर्यंत कसे न्यावे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

तुम्ही गावाचा प्रश्न मधोमध घातला आहे, मी त्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्यावर अवलंबून आहेत. छापण्यापूर्वी ही कादंबरी गावात वाचून दाखवा. पूर्ण नाही, आणि सगळ्यांना तर नाहीच. दोन्ही दिंड्यांतील तीन-तीन, चार-चार जुन्या माणसांना, त्यात बायका निम्म्या असाव्यात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा तुमच्या ओसरीवर बोलावून फुटीच्या आधीची आणि फुटीची मिळून चार-पाच प्रकरणे त्यांच्यापुढे वाचा. देवळाचा सभामंडप टाळा, कारण तिथे बसलेला माणूस श्रोता राहत नाही, तो कोणत्या तरी बाजूचा होतो. हे वाचन परवानगी मिळवण्यासाठी नाही, हे त्यांना आणि स्वतःलाही आधीच स्पष्ट सांगा. कादंबरी तुमची आहे आणि तिच्यात काय राहील हे तुम्हीच ठरवणार आहात. त्यांना विचारायचे ते एवढेच की यात चूक काय आहे.

चुका निघतील, हे मी खात्रीने म्हणतो, कारण मला चार प्रकरणांतच एक सापडली. सप्ताहाच्या तिसऱ्या रात्री सून चहा करायला उठते तेव्हा तिने वीणा भिंतीला टेकवून ठेवल्याचे तुम्ही लिहिले आहे. अखंड सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि पहारे रात्रभर बदलत राहतात, हे विणेकऱ्याच्या मुलीला मी सांगावे असे मुळीच नाही. ते लिहिण्याच्या ओघात निसटले असेल तर दुरुस्त करा. ते मुद्दाम केले असेल, म्हणजे तिने त्या रात्री खरोखरच वीणा टेकवली असेल, तर ती तुमच्या कादंबरीतील सर्वांत मोठी घटना आहे आणि तुम्ही ती एका अर्धविरामात उरकली आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला यातले काहीही खटकणार नाही. तुमच्या ओसरीवर बसलेली म्हातारी मात्र तिथेच तुम्हाला थांबवील, आणि असा संपादक तुम्हाला कोणत्याही प्रकाशनगृहात, कितीही पैसे मोजले तरी, मिळणार नाही.

ओळखू येण्याच्या भीतीबद्दल. ‘यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही ओळ छापा, पण तिच्यावर फार विसंबू नका, कारण ज्याला ओळख पटायची त्याला ती ओळीमुळे पटायची थांबत नाही. त्यापेक्षा ओळखीच्या खुणा मोडा. माउलींच्या, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या, पालखी सोहळ्यात प्रत्येक मानाच्या दिंडीला रथापुढील अथवा रथामागील क्रमांक असतो, आणि तुम्ही दुसऱ्या प्रकरणात एक क्रमांक दिला आहे. तो खऱ्या कोणत्या तरी दिंडीचा असणारच, तेव्हा तो काढून टाका. लोणंद, तरडगाव, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण हे सगळे राहू द्या, ते सर्वांचे आहे, पण धर्मशाळेच्या जमिनीचा वाद ज्या तपशिलाने आला आहे तो गावच्या सातबाऱ्यावरून उचलल्यासारखा वाटतो. फडकरी, म्हणजे वारकऱ्यांच्या गटाचे प्रमुख असलेल्या, महाराजांच्या पात्राचे वय, बोलण्याची लकब आणि मुलांची संख्या या तिन्ही गोष्टी खऱ्या माणसाशी जुळत असतील तर निदान दोन बदला. त्याच्याविषयी पैशाच्या अपहाराचा जो प्रसंग आहे, तो छापण्यापूर्वी वकिलाला दाखवा. जिवंत माणूस स्पष्टपणे ओळखू येत असेल तर बदनामीचा दावा कादंबरीवरही होऊ शकतो. धार्मिक भावना दुखावण्याचे कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत २९९ आहे, त्यासाठी मात्र जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने अवमान केलेला असावा लागतो. तुमच्या लेखनात त्याचा मागमूसही नाही, त्यामुळे त्या भीतीने एकही वाक्य पातळ करू नका.

अभंगांविषयी एक लहान सूचना. तुम्ही प्रत्येक प्रकरणाच्या शिरोभागी अभंगाचे चरण दिले आहेत. संतांच्या रचनांवर आज कोणाचा स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे त्या खुशाल वापरा. फक्त छापील गाथांमध्ये पाठभेद आहेत आणि तुमच्या दिंडीत म्हटला जाणारा पाठ आणखी वेगळा असू शकतो. मी तुमच्या जागी असतो तर दिंडीचाच पाठ ठेवला असता आणि तसे एका ओळीत सांगितले असते, नाहीतर शुद्धाशुद्धाची पत्रे वर्षभर येत राहतात. सातव्या प्रकरणात मात्र तुम्ही एका जुन्या चित्रपटातील भक्तिगीताच्या चार ओळी घेतल्या आहेत. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे गीतकाराच्या वारसांची किंवा हक्कधारकांची लेखी परवानगी लागेल. ते गाणे लाउडस्पीकरवर वाजत होते एवढेच लिहिले तरी प्रसंग उभा राहतो.

आता पैसे. ज्या संस्थेने ८५,००० रुपये मागितले आहेत तिच्या अटी तुम्ही पत्रात उतरवल्या, ते फार बरे केले: ५०० प्रती, त्यांतील ५० तुम्हाला, उरलेल्यांच्या विक्रीवर छापील किमतीच्या दहा टक्के मानधन, आणि ‘सर्व प्रसारमाध्यमांतून प्रसिद्धी’. किंमत ३२० रुपये धरा. उरलेल्या ४५० प्रती एकही न राहता विकल्या गेल्या तरी मानधन १४,४०० रुपये होते. तुमच्या ५० प्रती तुम्ही २५० रुपयांनी विकल्यात तर आणखी १२,५०० रुपये येतात. म्हणजे सगळे अगदी उत्तम झाले तर ८५,००० पैकी २६,९०० रुपये परत मिळतात. पहिल्या अक्षरापासून खर्च तुमचा आणि पुस्तके त्यांची, याला प्रकाशन म्हणत नाहीत. त्यात वाईट काही नाही असे ज्यांना वाटते त्यांनी तो व्यवहार खुशाल करावा, परंतु ‘प्रकाशकाने स्वीकारले’ या समाधानासाठी तुम्ही निवृत्तीचे पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वतः छापण्याचा हिशोब यापेक्षा कष्टाचा आहे, पण उघडा आहे. साताऱ्यातील मुद्रकाने तुम्हाला डेमी आकारात ५०० प्रतींचे ६२,००० रुपये सांगितले आहेत. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचे मिळून मी १८,००० धरतो. एकूण ८०,००० रुपये, म्हणजे प्रत १६० रुपयांना पडली. छापील किंमत ३२० ठेवून तुम्ही स्वतः २५० रुपयांना दिलीत तर प्रतीमागे ९० रुपये सुटतात. वितरकाने ४५ टक्के सवलत मागितली, आणि मागतातच, तर तुमच्या हाती १७६ येतात, म्हणजे फक्त सोळा रुपये सुटतात, आणि तेही काही महिन्यांनी. २०० प्रती स्वतः आणि १७१ वितरकामार्फत गेल्या की घातलेले पैसे परत आले. उरलेल्या १२९ प्रतींतून अभिप्रायाच्या, ग्रंथालयांच्या आणि भेटीच्या प्रती काढायच्या. ५०० जास्त वाटत असतील तर ३०० छापा, प्रत महाग पडेल पण झोप लागेल. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या मी उत्साहाने हजार प्रती काढल्या होत्या. पुढची नऊ वर्षे घरातील एका दिवाणाखाली दुसरे काहीही ठेवता आले नाही.

मुद्रकाकडे जाण्यापूर्वीच्या काही गोष्टी. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापले जाते, त्यामुळे तुमची २३६ पाने झाली तरी कागद २४० पानांचाच लागणार. ती चार पाने श्रेयपान आणि अर्पणपत्रिकेसाठी आधीच मोजून ठेवा. हस्तलिखित तुम्ही मुलाकडून युनिकोडमध्ये टंकून घेतले आहे. मुद्रकाकडे ते जुन्या फाँटमध्ये बदलले गेले तर जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात, म्हणून बदलल्यानंतर पुन्हा एकदा संपूर्ण प्रूफ वाचावे लागेल. ते तुम्ही स्वतः वाचू नका. आपल्याच चुका आपल्याला दिसत नाहीत, आणि हे एकतीस वर्षे वह्या तपासलेल्या व्यक्तीला सांगणे धाडसाचे आहे, तरी सांगतो. संवादांतील बोली मात्र मुद्रितशोधकाने ‘शुद्ध’ करू नये, याची लेखी सूचना द्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तो स्वतःच्या नावाने घ्या, त्यासाठी कोणी हजारो रुपये मागितले तर देऊ नका, आणि अर्ज लवकर करा, म्हणजे मुखपृष्ठ त्याच्यासाठी अडून राहणार नाही. स्वामित्वहक्क लिहिल्याक्षणीच तुमचा झालेला असतो, नोंदणी ऐच्छिक आहे.

प्रकाशक तुम्हीच असल्यामुळे एक कायदेशीर कर्तव्यही तुमच्याकडे येते, आणि हौशी प्रकाशक ते बहुधा विसरतात. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, चेन्नईचे कोन्नेमारा ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. पाठवा. गावाने पुस्तक पेटीत टाकले तरी ते चार ठिकाणी राहील.

घाई करू नये याचे आणखी एक कारण आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना लेखकाच्या पहिल्याच, अद्याप प्रकाशित न झालेल्या पुस्तकासाठी असते आणि मंडळ त्यासाठी जाहिरात देऊन हस्तलिखिते मागवते. स्वतः छापून मोकळे झालात की ते दार बंद होते. पुढची जाहिरात येईपर्यंत थांबावे आणि त्या काळात ओसरीवरची वाचने आणि दुरुस्त्या उरकाव्यात, असे मला वाटते. अनुदान नाकारले गेले तर स्वतः छापण्याचा मार्ग आहेच. छापल्यानंतर त्या वर्षीच्या राज्य वाङ्मय पुरस्कारांसाठीही प्रवेशिका पाठवा. प्रथम प्रकाशन, कादंबरी या प्रकारात श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा पुरस्कार आहे.

चुलतभावाचा सल्ला मात्र ऐकू नका. त्यांना वारीतील लाखो माणसे दिसतात. पण पाठीवर पडशी, डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद, आणि पुढे वीस किलोमीटरची चाल असलेला वारकरी २४० पानांची कादंबरी विकत घेऊन ती ठेवणार कुठे? त्या रस्त्यावर हरिपाठाची खिशात मावणारी पुस्तिका विकली जाते, आणि तेच योग्य आहे. याहून मोठी अडचण अशी की मुखपृष्ठावर विठ्ठल पाहून ज्याने ती घेतली, तो भक्तिग्रंथ म्हणून घेतो. आत त्याला पंगतीवरून भांडणारी माणसे भेटली की तो फसवला गेल्यासारखा होतो, आणि मग ज्या रागाची तुम्हाला भीती वाटते तो खरोखर निर्माण होतो. तुमचे पुस्तक श्रद्धेविषयी आहे, पण ती कादंबरी आहे. विकताना, बोलताना, पाठपृष्ठावरील मजकुरात ‘भक्तिरसपूर्ण’, ‘प्रत्येक वारकऱ्याच्या संग्रही असावी अशी’ हे शब्द येऊ देऊ नका. त्याच कारणासाठी ती कीर्तनकारांच्या हाती शिफारशीसाठी देऊ नका. नारदाच्या गादीवरून एकाने तिची स्तुती केली की दुसऱ्या गादीवरून तिचा समाचार घेतला जाणे क्रमप्राप्त आहे, आणि त्या वादात पुस्तक कोणीच वाचलेले नसते.

मग वाचक कोठे आहेत? पहिले तुमच्या गावचेच, पण मुंबईतील. साताऱ्याकडच्या जवळजवळ प्रत्येक गावाचे मुंबईत ग्रामस्थ मंडळ असते, आषाढीला रजा टाकून येणारी ही मंडळी असतात आणि गाव सोडलेल्या माणसाला गावाविषयी वाचण्याची भूक अधिक असते. त्यांच्या एखाद्या बैठकीत वीस मिनिटे वाचन करा आणि २५० रुपयांना पुस्तक द्या. तुम्हाला भाषण जमत नाही असे तुम्ही लिहिता. भाषण करूच नका, वाचा. चौथ्या प्रकरणातील पंगतीचा प्रसंग वाचलात तर बाकी काही सांगावे लागणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरातीचे चित्र पाठवण्याऐवजी स्वतःच्या आवाजात तीन मिनिटांचे वाचन पाठवा. अभंग छापखान्यात जाण्यापूर्वी शेकडो वर्षे लोकांच्या तोंडी आणि वह्यांत टिकले. ऐकून मग पुस्तकाकडे वळणे तुमच्या वाचकांच्या सवयीचे आहे.

दुसरे ठिकाण ग्रंथालये. आपल्या राज्यात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये ११ ते १२ हजार आहेत आणि त्यांतील बहुतेक गावांत आहेत. त्यांची खरेदी मोठ्या प्रमाणात शासनमान्य ग्रंथयादीवर चालते, त्या यादीसाठी प्रत कधी आणि कशी द्यायची हे तुमच्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे विचारा. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवातही त्यांच्यामार्फतच जागा मिळते. यादीची वाट न पाहता तालुक्यातील दहा-बारा ग्रंथालयांत स्वतः जाऊन ग्रंथपालांशी बोला. ‘हे घ्याच’ असा आग्रह न धरता एक प्रत ठेवून या.

तिसरे, दिवाळी अंक. एक स्वतंत्र वाचता येईल असे प्रकरण उन्हाळा सरताच दोन-तीन संपादकांकडे पाठवा. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांकडे अभिप्रायार्थ प्रती पाठवाल तेव्हा बहुतेक ठिकाणी ‘साभार पोच’मध्ये एक ओळ येईल आणि पुढे काही होणार नाही. त्यासाठी दहापेक्षा जास्त प्रती खर्चू नका. त्यापेक्षा ज्यांनी ग्रामीण जीवनावर गांभीर्याने लिहिले आहे अशा तीन समीक्षकांना हाताने लिहिलेल्या पत्रासह प्रत पाठवलेली बरी. ई-पुस्तक अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठीत काढता येते, पण तिथल्या नव्वद दिवसांच्या विशेष योजनेत नाव घातले तर तेवढ्या काळात ते ई-पुस्तक अन्यत्र देता येत नाही, एवढे वाचून मग खूण करा. टपालाने पुस्तके पाठवण्यासाठी २०२५ मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ ही स्वस्त सेवा सुरू झाली आहे. तिच्या नियमांत तुमची कादंबरी बसते का, ते पोस्टमास्तरांनाच विचारा. प्रकाशन समारंभासाठी साताऱ्यात सभागृह घेण्याचा विचार मात्र सोडून द्या, त्या खर्चात शंभर पानांचे दुसरे पुस्तक निघेल.

गावातील समारंभ निराळा. तोही करायचा तर दोन्ही दिंड्या गावात असतील असा दिवस निवडा, व्यासपीठ घालू नका, आणि पहिली प्रत कोणत्याही महाराजांच्या किंवा पुढाऱ्यांच्या हस्ते प्रकाशित करू नका. ओसरीवर ज्यांनी चुका काढल्या त्यांना पहिल्या सात-आठ प्रती द्या. कोणी येणार नाही अशी शक्यता आहे. तसे झाले तर प्रती घरोघर नेऊन द्या, त्यात कमीपणा नाही, तुम्ही पटावर नाव घालायला याच घरांत गेला होतात.

मुखपृष्ठाविषयी तुम्ही शेवटी, जाता जाता विचारले आहे. विठ्ठल नको हे झालेच. टाळ, पताका, तुळस डोक्यावर घेतलेली बाई हीही चित्रे इतकी वापरून झाली आहेत की डोळा त्यांच्यावरून निसटतो. सप्ताहात पहारा बदलताना वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात सून आणि तिचा चुलत दीर तसे वाकतात, आणि वीणा दोघांच्या मध्ये अधांतरी आहे. चित्रकाराला तेवढेच प्रकरण वाचायला द्या.